फिरायला गेल्यावर चूल कुठे मांडायची?

(बचत गटांच्या कार्यक्रमात रेडिओवरून केलेलं भाषण)

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे सहलीचा. यंदा एका गटाने निरोप पाठवून नेमका प्रश्न विचारलाय. मुलांनी खोपोलीच्या इमॅजिकाचा हट्ट धरलाय, सासूबाईंना अष्टविनायकातले दोन गणपती करायचे आहेत आणि घरात एकाला शुगर, एक लेकरू दीड वर्षाचं. मग स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी की साधा लॉज बघावा? प्रश्न छोटा वाटतो, पण वर्षभर पै-पै बाजूला टाकलेली रक्कम दोन दिवसांत खर्च होणार असते. म्हणून आज सगळा वेळ याच विषयाला देऊ.

आधी जागा समजून घेऊ. इमॅजिका हे पार्क रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. २०१३ साली ते सुरू झालं आणि पुढच्या वर्षी शेजारीच पाण्याचं पार्क उघडलं. दोन्हींची तिकिटं वेगवेगळी आहेत, हे घरातून निघायच्या आधी मुलांना सांगून ठेवा, म्हणजे फाटकापाशी रडारड होत नाही. त्याच भागात अष्टविनायकातले दोन गणपती आहेत, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. महड खोपोलीच्या अगदी जवळ आहे. पाली पुढे सुधागड तालुक्यात, पार्कवरून जाणाऱ्या त्याच रस्त्याने. नाव नीट लक्षात ठेवा. हे महड, चवदार तळ्याचं महाड नव्हे. ते महाड याच जिल्ह्यात पण खूप खाली दक्षिणेला आहे. मोबाईलवर एक काना चुकला की गाडीवाला तुम्हाला भलतीकडे नेईल. पाली नावाची गावंही महाराष्ट्रात बरीच आहेत, तेव्हा जागा ठरवताना तालुका विचारायचाच.

आता स्वयंपाकघराचा मुद्दा. आपल्याला वाटतं, स्वयंपाकघर मिळालं की पैसे वाचले. दर वेळी तसं होत नाही. थोडा हिशेब मांडून बघू. आकडे मी समजण्यापुरते धरतेय, तुम्ही फोन करून खरे आकडे घाला.

समजा घरची सहा माणसं आणि दोन रात्रींचा मुक्काम. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोचायचं, दुसरा दिवस पार्क, तिसऱ्या दिवशी सकाळी महड आणि पाली करून परत. लॉजमध्ये दोन खोल्या, एकेक दीड हजाराची, म्हणजे रात्रीचे तीन हजार आणि दोन रात्रींचे सहा हजार. बाहेरचं खाणं किती वेळा लागतं ते मोजा. रात्रीची दोन जेवणं आणि सकाळचे दोन नाश्ते, एवढंच. कारण पार्कच्या दिवशी दुपारी तुम्ही आतच असणार, आणि असल्या पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. म्हणजे दुपारचं जेवण आतच विकत घ्यायचं आहे, मुक्कामी स्वयंपाकघर असो वा नसो. माणशी जेवण दोनशे आणि नाश्ता साठ धरला तर दोन जेवणांचे चोवीसशे, दोन नाश्त्यांचे सातशेवीस. सगळे मिळून नऊ हजार एकशेवीस.

आता स्वयंपाकघराचा फ्लॅट चार हजार रुपये रात्रीने घेतला. दोन रात्रींचे आठ हजार. शिधा, दूध, भाजी, पिण्याच्या पाण्याचा जार धरून बाराशे. झाले नऊ हजार दोनशे. म्हणजे ऐंशी रुपये जास्तच गेले, वर स्वयंपाकही आपणच केला.

हाच हिशेब बारा माणसांचा करा. लॉजच्या चार खोल्या, दोन रात्रींचे बारा हजार, खाण्याचे सहा हजार दोनशे चाळीस, एकूण अठरा हजार दोनशे चाळीस. उलट अख्खा बंगला मधल्या वारी सहा हजारांत मिळाला तर बारा हजार, अधिक शिधा चोवीसशे, म्हणजे चौदा हजार चारशे. वाचले तीन हजार आठशे चाळीस, माणशी तीनशेवीस. बंगल्याचं भाडं माणसांवर नसतं, अख्ख्या बंगल्यावर असतं, म्हणून माणसं वाढली की परवडतं. दोन घरांनी मिळून जायचं असेल किंवा दोनपेक्षा जास्त रात्री राहायचं असेल तर स्वयंपाकघर बघा. एका रात्रीसाठी त्याच्या मागे लागूच नका.

पण शनिवार-रविवारी हाच बंगला दुप्पट भाव सांगतो. मग वरचा सगळा हिशेब उलटा होतो. मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी संध्याकाळपासून त्या बाजूला सुटतात. आपल्याला मधला वार जमतो, शेतीची कामं बघून मंगळवार-बुधवार काढता येतो, ही आपली जमेची बाजू आहे. ती सोडू नका. मात्र कॅलेंडर बघा. संकष्टीला, त्यातून अंगारकी असली तर, महड-पालीला गर्दी लोटते आणि खोल्या मिळत नाहीत. माघातल्या गणेशजयंतीलाही तेच.

पैशापलीकडची कारणं मला जास्त महत्त्वाची वाटतात. घरात इन्सुलिन घेणारं माणूस असेल तर त्याला जेवणाची वेळ पाळावी लागते. पार्कमधून दमून आल्यावर हॉटेलात टेबल मिळायला तास लागला, तर त्या माणसाची साखर खाली जाऊ शकते. हाताला कंप, घाम, चक्कर अशी लक्षणं दिसायला वेळ लागत नाही. त्याच्यासाठी खोलीवर आल्याबरोबर भाकरी-भाजी किंवा खिचडी समोर येणं ही चैन नाही. इन्सुलिन ठेवायला फ्रिजही लागतो, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खालच्या खणात. तेव्हा मालकाला फ्रिज आहे का आणि तो चालू आहे का, असे दोन्ही प्रश्न विचारायचे. पार्कात जाताना त्या माणसाच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. औषधं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत न्यायला सहसा अडवत नाहीत, पण तिकीट काढतानाच विचारून घ्या.

दीड वर्षाच्या लेकराचंही असंच. त्याला मऊ भात लागतो, रात्री दूध गरम करून लागतं. लॉजच्या पोऱ्याला रात्री अकरा वाजता दूध गरम करून मागण्यात निम्मा जीव जातो. अशा घरांनी ऐंशी रुपयांचा विचार करू नये, सरळ स्वयंपाकघराची जागा घ्यावी.

आता एक गोष्ट बोलते, ती काही घरांत आवडणार नाही. स्वयंपाकघराची जागा घेतली की सुट्टी कोणाची आणि राबणूक कोणाची? मुलं झोक्यावर, पुरुषमाणसं गॅलरीत चहा पीत, आणि बाई तिकडेही ओट्यापाशी. घरी निदान आपली भांडी आपल्या हाताखालची असतात, तिथे परक्या घरात मीठ शोधण्यापासून सुरुवात. माझं मत स्पष्ट आहे. कामाची वाटणी निघण्यापूर्वी ठरली नसेल तर स्वयंपाकघर घेऊ नका, लॉज घ्या आणि बाहेर जेवा. गटाची सहल असेल तर ठराव वहीत लिहा. चहा कोण करणार, कांदा कोण चिरणार, भांडी कोण घासणार, नावानिशी लिहा, आणि त्यात पुरुषांची नि मोठ्या मुलांची नावं येऊ द्या. बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलेलं काम सहसा टळत नाही. शिवाय तिसरा एक मार्ग आहे. त्या बाजूला बऱ्याच बंगल्यांवर आणि घरगुती खोल्यांवर राखणदाराच्या घरची किंवा शेजारची बाई सांगून ठेवल्यास जेवण करून देते. ताटाचा भाव आधी ठरवायचा. चहा, बाळाचं दूध आणि सकाळचे पोहे आपले, रात्रीचं जेवण तिचं. मला तरी हा मार्ग सगळ्यात पटतो. आपलीही सुट्टी होते आणि तिच्या हातात चार पैसे पडतात.

जागा कोणकोणत्या असतात तेही सांगते. पार्कच्या आवारात मोठं हॉटेल आहे. त्याचा भाव आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही आणि तिथे खोलीत चूल नाही. खोपोलीत लॉज आहेत, तिथेही खोलीत स्वयंपाक चालत नाही. पाली-महडला भक्तनिवास आणि घरगुती खोल्या मिळतात. भक्तनिवासात शेगडी पेटवायला बहुधा मनाई असते, पण भाडं कमी आणि वातावरण घरंदाज. मग उरतात फार्महाऊस, बंगले, रोजाने दिलेले फ्लॅट आणि घराच्या माडीवर काढलेल्या एक-दोन खोल्या. स्वयंपाकघर मिळतं ते या शेवटच्या चारांत.

लोणावळ्याचे बंगले नावाजलेले आहेत, जाहिरातीही त्यांच्याच जास्त. पण लोणावळा घाटाच्या वर आणि पार्क घाटाच्या खाली. दिवसभर पाळण्यांत फिरून पेंगुळलेली लेकरं घेऊन रात्री बोरघाट चढायचा, त्यात गाड्यांची रांग लागली तर जेवायला अकरा वाजणार. मग त्या स्वयंपाकघराचा उपयोग काय? मी तर म्हणेन, खोपोली ते पाली या पट्ट्यातच जागा बघा. फोनवर ‘पार्कपासून जवळ’ असं सांगतील, त्यावर जाऊ नका. किती किलोमीटर, घाटाच्या वर की खाली, आणि रात्री आठ वाजता पार्कच्या फाटकापासून तिथवर रिक्षा मिळते का, ते विचारा. स्वतःची गाडी नसेल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईकडून खोपोलीपर्यंत लोकल येते, थेट नसली तर कर्जतला बदलायची. पुण्याकडून थेट रेल्वे नाही, कर्जतला उतरून मागे खोपोलीला यावं लागतं, त्यामुळे आपल्याला घाटावरून एसटीच सोयीची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या सगळ्यांना अर्धं, आणि पंचाहत्तरच्या पुढे मोफत. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा.

आता जागेच्या मालकाशी काय बोलायचं ते सविस्तर सांगते, कारण खरी फसगत इथे होते. ‘किचन आहे’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक मालकाचा वेगळा. कोणाकडे नुसता ओटा आणि नळ असतो. कोणाकडे चहापुरती विजेची किटली. कोणाकडे शेगडी असते, सिलेंडर आपण सांगायचा. तेव्हा गोल विचारू नका, एकेक वस्तू विचारा. शेगडी गॅसची की इंडक्शनची? इंडक्शन असेल तर आपली अॅल्युमिनियमची कढई आणि कुकर त्यावर तापतच नाहीत. त्याला बुडाला लोखंड किंवा चुंबकाला धरणारं स्टील लागतं. घरीच भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघा. चिकटला तर ते भांडं चालेल. इंडक्शनला वीजही लागते, म्हणून लाईट गेली तर काय, हा पुढचा प्रश्न. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, शेगडी चालेलच असं नाही.

मग भांडी. कुकर किती लिटरचा? बारा माणसांना तीन लिटरच्या कुकरने खिचडी करायची तर तीन घाणे काढावे लागतील. तवा, परात, पोळपाट-लाटणं, विळी किंवा सुरी, गाळणी, सांडशी. हसू नका, सांडशी नसल्याने पदर भाजून घेतलेल्या बायका आहेत. ताटं-वाट्या माणसांच्या संख्येइतक्या आहेत का? पिण्याचं पाणी कुठलं? भांडी आपण घासायची की बाई येते, आणि तिचे पैसे भाड्यात धरलेत का? मांसाहार चालतो का? काही मालक चालू देत नाहीत, आणि ते आधी सांगितलं तर त्यात भांडायचं कारण नाही.

पण कोणी आडनाव विचारून पुढे जात विचारायला लागला, तर तिथेच फोन ठेवा. ‘आमच्या ओट्यावर सगळ्यांना नाही चालत’ असं गोड आवाजात सांगणारे आजही भेटतात. हॉटेलात, सार्वजनिक खानावळीत, करमणुकीच्या जागी जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, हे संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलेलं आहे. आपल्या गटात सगळ्या समाजाच्या बायका आहेत. त्यातल्या एकीलाही जिथे ओट्याला हात लावता येत नाही तिथे आपले पैसे जाऊ द्यायचे नाहीत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी खोली तळमजल्यावर आहे का आणि संडास कसा आहे, बसायचा की खुर्चीचा, हे विचारायला लाजू नका. गुडघे धरलेल्या आजीसाठी देवदर्शनाइतकंच ते महत्त्वाचं आहे. कडी-कोयंडे आतून नीट लागतात का, राखणदार कुठे झोपतो, शेजारचे बंगले पार्टीला दिले जातात का, तेही विचारा. शनिवारी रात्री शेजारी डीजे लागला तर लेकरू झोपणार नाही, आणि दारू पिऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसांमुळे आपल्या तरण्या मुलींना ओसरीवर बसता येणार नाही.

बंगल्याला पोहण्याचा हौद असेल तर मालक ते मोठ्या कौतुकाने सांगतो. आपण मात्र त्याला कुंपण आहे का आणि खोली किती, हे विचारायचं. आपली मुलं विहिरीत पोहलेली असली तरी दोन-तीन वर्षांचं लेकरू कमरेइतक्या पाण्यातही बुडतं, आणि ओरडत नाही, गपकन जातं. बायका स्वयंपाकात, पुरुष गप्पांत, असाच तो क्षण असतो. कुंपण नसेल तर छोटी मुलं असलेल्या घराने तो बंगला घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी.

गॅसबद्दल चार गोष्टी. जागेवर पोचल्याबरोबर, सामान सोडायच्या आधी, शेगडी बघायची. नळी चिरलेली नाही ना, तिच्यावरची तारीख उलटलेली नाही ना, सिलेंडर उभाच आहे ना. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर यायचं आणि १९०६ या नंबरवर फोन करायचा. हा नंबर गॅस गळतीसाठीच आहे.

बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर फार जपायचं. दार-खिडकी बंद करून तो चालू ठेवला की आत कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला ना रंग ना वास. आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडतं आणि बाहेरच्यांना पत्ता लागत नाही. खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच माणूस आत जाईल. थंडीत सगळे ओळीने आंघोळी उरकतात तेव्हा हे विसरतं, म्हणून एका जाणत्या माणसावर तेवढंच काम सोपवा.

आणि कोणी म्हणालं, आपलाच छोटा सिलेंडर घेऊन जाऊ, तर त्याला मदुराईची आठवण करून द्या. २६ ऑगस्ट २०२३ ला तिथल्या स्टेशनजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ माणसं गेली. डब्यात नियम मोडून गॅस सिलेंडर नेलेला होता. रेल्वेत सिलेंडर नेणं गुन्हा आहे, आणि एसटीतही असलं सामान चालत नाही. चहाची सोय रस्त्यावर कुठेही होते.

पैसे देण्याची पद्धत सांगते. मोबाईलवर बंगल्याचे फोटो सुंदर दिसतात, पण फोटो कोणाच्याही बंगल्याचे असू शकतात. मालकाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. ओट्यावरचा नळ सोडून दाखवा म्हणा, शेगडी पेटवून दाखवा म्हणा. जो खरा असेल तो दाखवतो. जो ‘आत्ता गिऱ्हाईक आहे’ म्हणून तीनदा टाळतो त्याला सोडून द्या. जवळच्या किराणा दुकानाचं नाव विचारा आणि गावातल्या कोणाकडून खात्री करा. सगळे पैसे आधी देऊ नका. चौथा हिस्सा आगाऊ द्या, बाकी किल्ली हातात आल्यावर. ज्या नावाशी बोललात तेच नाव पैसे पाठवताना समोर येतं का ते बघा. आणि ‘तुमची अनामत परत करतो, पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर टाकू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. फसवणूक झालीच तर रडत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तारखा, किती माणसं, एकूण भाडं, ते कर धरून की सोडून, अनामत किती, येण्याची आणि सोडण्याची वेळ. वेळ फार महत्त्वाची. काही ठिकाणी दुपारी बाराला किल्ली देतात आणि सकाळी दहाला काढून घेतात. मग ‘दोन दिवस’ म्हणजे खरे किती तास, ते मोजा. शेवटच्या दिवशी महडला जाऊन येईपर्यंत सामान ठेवू देतील का, तेही विचारून ठेवा. ओळखपत्राची प्रत मागतील, ती द्यावी लागते. पण आधारची देताना झाकलेल्या नंबरचं आधार द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ते आधारच्या वेबसाईटवरून निघतं, नाहीतर जवळच्या सेवा केंद्रावर काढून मिळेल.

शिध्याचं. कमी न्या. पहिल्या रात्रीसाठी घरूनच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. पोचल्या रात्री शेगडी पेटवायचीच नाही. सकाळी पोहे, आणि पोटभर, कारण आतलं जेवण महाग पडतं नि लवकर भूक लागली की खर्च वाढतो. पार्कच्या रात्री मुगाची खिचडी. डाळ-तांदूळ, हळद, जिरं घरूनच एका पिशवीत मापून न्या, म्हणजे तिथे फक्त धुऊन कुकरला लावायचं. सोबत पापड-लोणचं. शेवटच्या सकाळी उपीट, त्यासाठी रवा घरून भाजून न्या. शुगरवाल्या माणसासाठी ज्वारीचं पीठ वेगळं बांधा. तिकडे तांदळाची भाकरी सहज मिळते, ज्वारीची शोधावी लागते. तेल-मीठ-साखर तिथेच घ्या, डबे वाहू नका. खिडकी उघडी टाकून बाहेर जाऊ नका, विशेषतः घाटाच्या बाजूला. माकडं आधी स्वयंपाकघरातच शिरतात आणि केळी कुठे ठेवलीत हे त्यांना आपल्या नवऱ्यापेक्षा लवकर सापडतं.

पैसे कसे जमवायचे, याबद्दल एकच सांगते. गटाचं अंतर्गत कर्ज सहलीसाठी उचलू नका, ते बियाणाला, शेळीला, आजारपणाला आहे. सहलीची वेगळी भिशी लावा. बारा जणींनी महिना दोनशे टाकले तर दहा महिन्यांत चोवीस हजार होतात, मघाच्या हिशेबातला बंगला आणि शिधा त्यातून निघून वर एसटीचं भाडंही सुटतं. पार्कचं तिकीट ज्या त्या घराने आपलं काढायचं. असल्या पार्कांत मुलांचं तिकीट बहुधा उंचीवर ठरतं, वयावर नाही, तेव्हा भिंतीला उभं करून मुलांची उंची मोजून ठेवा. मोठ्या पाळण्यांनाही उंचीची अट असते. फाटकाच्या आत गेल्यावर धाकट्याला कळलं की आपल्याला बसू देत नाहीत, तर सगळ्यांचा दिवस जातो.

आपला कार्यक्रम ऐकणाऱ्या ज्या मैत्रिणी देवस्थानाजवळ, धरणाजवळ, किल्ल्याजवळ राहतात, त्यांनी हेच सगळं उलट्या बाजूने ऐकावं. माडीवरची एक खोली, दोन बर्नरची शेगडी, बारा माणसांची भांडी, चालू फ्रिज आणि खुर्चीचा संडास, एवढं नीट असलं तर येणारी कुटुंबं शोधत येतात. राज्याच्या पर्यटन विभागाचं महिलांसाठी ‘आई’ नावाचं धोरण २०२३ साली आलंय. त्यात बाईच्या नावावरच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या बँक कर्जाचं व्याज परत मिळण्याची सोय आहे. ज्यांना रस असेल त्यांनी पुढच्या प्रभाग बैठकीत नाव द्या, आपण एकत्र कागदपत्रं बघू.

आणि ज्या गटाने हा प्रश्न विचारला त्यांच्यासाठी. तुमच्या घरात शुगरचं माणूस आहे, तान्हं लेकरू आहे आणि मंगळवार-बुधवार तुम्हाला चालतोय. तेव्हा खोपोली ते पाली या पट्ट्यात तळमजल्यावरची, गॅसची शेगडी आणि चालू फ्रिज असलेली, हौद नसलेली जागा बघा. शेजारच्या ताईंच्या घरालाही बरोबर घ्या, म्हणजे भाडं वाटलं जाईल. रात्रीचं जेवण तिथल्या बाईला सांगा. निघताना किल्ली देण्याआधी मालकाबरोबर खोलीतून एक फेरी मारा, भांडी मोजून द्या, रेग्युलेटर बंद केलेला दाखवा, आणि अनामत हातात घेऊन मगच गाडीत बसा.